सिद्रामआप्पांचा रेंजवाला कॅमेरा

तामलवाडीत सिद्रामआप्पांनी ज्याचा फोटो काढला नाही असा माणूस सापडायचा नाही. आणि आप्पांनी काढलेला फोटो ज्यानं पाहिलाय असाही माणूस सापडायचा नाही. कारण आप्पा फोटो काढायचे ते खोकल्याच्या औषधाच्या खोक्यानं.

खोकं माझ्याच दुकानातलं. आमचं गाव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं. रस्त्याच्या कडेला माझं मेडिकल आणि त्याला लागून आप्पांचं जनावरांच्या पेंडीचं दुकान. मध्ये एक भिंत, तीही खांद्याएवढीच. पलीकडं सरकीचं पोतं फोडलं की इकडं मला शिंक येते, आणि मला शिंक आली की पलीकडून आप्पा ओरडतात, "डाक्टर, गोळी घ्या!" मी डॉक्टर नाही, नुसती औषधं विकतो, हे सांगून मी थकलो. "दवा देतो त्यो डाक्टर," म्हणून त्यांनी तो विषय कधीच मिटवून टाकलाय.

तर एक दिवस आप्पा फूटपट्टी घेऊन माझ्या दुकानात शिरले आणि फळीवरची खोकी मोजायला लागले.

"काय पाहिजे, आप्पा?"

"खोकला."

"कोरडा की ओला?"

"आडवा," आप्पा म्हणाले आणि हवेत बोटांनी एक चौकोन काढून दाखवला. "हितनं हितपर्यंत. जाडी लई नको."

शेवटी मोठ्या बाटलीचं एक खोकं त्यांना पसंत पडलं. बाटली माझ्या हातात ठेवून ते नुसतं खोकं घेऊन गेले. संध्याकाळी बघतो तर खोक्याच्या कोपऱ्यात ब्लेडनं एक खिडकी पाडलेली, आत हरभऱ्याची डाळ ठासून भरलेली, डाळीनं वजन भरेना म्हणून तिच्यात चार नटबोल्ट टाकलेले, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली आणि सगळं बाड नाडीनं आप्पांच्या गळ्यात लटकलेलं.

"हे काय, आप्पा?"

"कॅमेरा," आप्पा शांतपणे म्हणाले. "असली कॅमेरा जेवढा हाय तेवढाच ह्यो हाय, आन् वजन बी तेवढंच. काट्यावर करून घेतलंय. आता म्हैनाभर वागवून बघायचं. मान काय म्हनती ते बघू. मान न्हाय म्हनली तर इषयच संपला."

मान नाही म्हणाली नाही. आप्पा लिंगायत, गळ्यात लिंग तर असतंच, आता त्याच्याखाली डाळीचं खोकं हेलकावायला लागलं. "म्हादेव हलका हाय," आप्पा म्हणायचे, "ह्यो जड हाय. कुनाचा भार किती ते कळाया पायजे." माझ्याकडं मात्र गिऱ्हाइकांची रीघ लागली. औषधाचं खोकं गळ्यात म्हणजे तो मानदुखीवरचा उपाय, असं लोकांनी धरलं आणि ज्याला त्याला आप्पांसारखा मानेचा इलाज हवा होता. एका आजीबाईंनी तर डाळ घरची आणीन, तुम्ही फक्त खोकं द्या, असा भाव केला.

बरं, खोकं नुसतं वागवून आप्पा गप्प बसतील तर ते आप्पा कसले! कुणीही समोरून आलं की खोकं डोळ्याला लावायचं, एक पाऊल पुढं, अर्धं पाऊल मागं, श्वास रोखायचा आणि जिभेनं हळूच 'टिक' करायचं. दूध गोळा करणारे दत्तूनाना भाच्याच्या लग्नाला निघाले होते. डोक्याला फेटा, अंगात कडक इस्त्री. आप्पांनी खोकं उचललं. नाना छाती काढून उभे राहिले. टिक. आठवड्यानं नाना फोटो मागायला हजर.

"नाना, त्यात डाळ हाय," आप्पा म्हणाले.

"असू द्या की डाळ. फोटो कुठाय?"

"आवो, नुसती डाळच हाय!"

नानांनी खोक्याच्या खिडकीतून आत डोकावून बघितलं. मग म्हणाले, "मंग मला हालू नका कशाला म्हनलाव?"

आप्पांनी खोक्यावरची चिकटपट्टी दाबून बसवली.

आप्पा म्हणजे साठी ओलांडलेला, उंच, वाळका माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा नेहरू शर्ट, चष्म्याला दोरी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानाच्या मागंच दोन खोल्या आहेत, तिथं एकटे राहतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्यावर त्यांचा दिवस निघतो. सगळी जिंदगी पेंड, सरकी, भुसा आणि मका मोजण्यात गेल्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी मानायची नाही, असा त्यांचा बाणा. "काट्यावर घेऊ," हे त्यांचं पालुपद. मी दुकानात औषधांसाठी फ्रीज घ्यायचा म्हटलं तर आप्पा म्हणाले, काट्यावर घेऊ. मग लाइट किती वेळ जाते, दार किती वेळा उघडतं, कंपनी कुठली, रंग कुठला, हे सगळं काट्यावर घेता घेता उन्हाळा सरला आणि फ्रीज स्वस्त झाला. "बघा!" आप्पा म्हणाले. "घाई घोड्याला असती, मानसाला नसावी."

अशा माणसाला कॅमेऱ्याचं खूळ लागलं ते मागच्या दिवाळीत. त्यांचा एकुलता एक मुलगा महेश बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला दोन दिवस आला होता, आणि दोन्ही दिवस खाटेवर पडून मोबाइल बघत होता. आप्पा त्याच्या पायथ्याशी बसून. बोलायचं काय, हा दोघांच्याही पुढचा प्रश्न. शेवटी आप्पांनी विचारलं, "काय बघलालास?"

"कॅमेरा. नवीन आलाय, जर्मनीचा. आप्पा, गंमत बघा. एवढा महाग, आणि ह्याच्यात व्हिडिओ नाही, झूम नाही, फोकससुद्धा आपोआप होत नाही."

"मंग पैसे कशाचे?"

महेश हसला. "तेच तर कुणाला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी तो गेला. पोरगं गेलं, पण प्रश्न इथंच राहिला. पैसे कशाचे? ज्या मालात काही नाही, तो सगळ्यात महाग कसा? व्यापाऱ्याच्या जातीला हा डंख होता. आप्पांनी आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरला नव्हता, पण त्यांनी मोबाइलवर बघायला सुरुवात केली. हिंदीतलं, इंग्रजीतलं, जे मिळेल ते. अर्धं कळायचं, अर्धं ते स्वतःच्या अकलेनं भरून काढायचे. आणि जेवढं कळेल तेवढं दुकानात येणाऱ्याला सांगायचे.

पहिली पंचाईत नावाचीच झाली. त्या कॅमेऱ्याला म्हणतात रेंजफाइंडर. आप्पा त्याला म्हणत 'रेंजवाला'. सिद्रामआप्पा रेंजवाला घेणार ही बातमी शिवारभर गेली आणि वस्त्यांवरची माणसं मोबाइल घेऊन दुकानाशी येऊन उभी राहू लागली.

"आप्पा, आमच्या वस्तीवर एक कांडी बी येत न्हाय. तुमचं मशीन आलं की आधी आमच्याकडं आना."

"ती रेंज न्हवं रं बाबा! ही लांबीची रेंज. आपल्यापासनं समोरचं मानूस किती लांब हाय ते हुडकायचं."

"समोर दिसतंय की मानूस. हुडकायचं कशाला?"

मग आप्पा पोत्यावरून उतरायचे आणि समजावून सांगायचे. त्या कॅमेऱ्याला लेन्समधून बघायचंच नसतं. वर कोपऱ्यात बारीक खिडकी असते, तिच्यातून बघायचं. समोरचा माणूस त्यात दोन दोन दिसतो, एक खरा आणि एक त्याची पुसट छाया. हातानं चकती फिरवायची. छाया सरकत सरकत येते आणि माणसावर नेमकी बसते. दोघं एक झाले की फोटो काढायचा.

"दोन दिसायला आमाला एवढा खर्च येत न्हाय," दत्तूनाना म्हणाले. "आन् एक व्हायला सकाळपतूर थांबतो."

सगळे हसले. आप्पाही हसले. पण त्यांचा मुद्दा हलला नाही. "आवाज ऐकाल तर थक्क व्हाल. आवाजच न्हाय! नुसतं टिक. समोरच्याला कळत बी न्हाय."

"आवाज न्हाय, झूम न्हाय, व्हिडिओ न्हाय," नानांनी बोटांवर मोजलं. "आन् किंमत?"

आप्पांनी खाली बघितलं. "नवा ट्रॅक्टर येतो."

"ट्रॉलीसकट?"

"...व्हय."

एकदोघांनी डोक्यावरची टोपी काढली. माणूस गेल्यावर काढतात तशी. मग नानांनी विचारलं, "आप्पा, तुमी फोटो काढनार कुनाचा?"

"ते मागनं बघू," आप्पा म्हणाले. "आधी काट्यावर घेऊ."

आणि त्यांनी खरोखरच काट्यावर घेतलं. दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण वडिलांची जुनी तागडी आढ्याला टांगलेली असते. आप्पांनी तिचं एक पारडं गुणांना दिलं, एक दोषांना. काही गुण सापडला की मूठभर सरकी इकडं, दोष सापडला की मूठभर तिकडं. बॅटरी लवकर संपते म्हणे? मूठ दोषात. अंगावर लोखंडाऐवजी पितळ आहे? मूठ गुणात. दुरुस्तीला परदेशी पाठवावा लागतो? दोषात दोन मुठी. मुलाला वारसा म्हणून देता येतो? आप्पांनी हाताकडं बघितलं आणि गुणात मोठी मूठ टाकली. येणारं जाणारं गिऱ्हाईक पेंडीचा भाव विचारायच्या आधी तागडीकडं बघायचं. "आज काय म्हनतंय, आप्पा?" "दोष जड हाय. बघू."

एका सकाळी आप्पांची हाक आली, "डाक्टर! लवकर या!" मी धावत गेलो. गुणांचं पारडं जमिनीला टेकलेलं आणि दोषांचं वर आढ्याला. खाली कुणाचीतरी शेळी तोंड हलवत उभी.

"सगळे दोष खाल्ले हिनं," आप्पा हताशपणे म्हणाले. "आता घ्यावाच लागतोय का काय!"

मी म्हटलं, आप्पा, शेळीचं मत धरायचं नसतं. त्यांना ते पटलं. दोष पुन्हा आठवून आठवून भरायला त्यांना दुपार झाली.

माल हातात धरल्याशिवाय सौदा करायचा नाही, म्हणून आम्ही सोलापूरला गेलो. बाजारपेठेतलं कॅमेऱ्यांचं मोठं दुकान. मालक अगत्याचे. आप्पा म्हणाले, "रेंजफाइंडर दाखवा."

मालक म्हणाले, "ते जमीन मोजणीवाल्यांकडं मिळतं, आप्पा. पुढच्या चौकात."

आप्पांनी गळ्यातलं खोकं काउंटरवर ठेवलं आणि छाया, चकती, खिडकी सगळं सांगितलं. मालकांनी ते मन लावून ऐकलं. म्हणाले, "तो होय! तो सोलापुरात कुणी घेत नाही. पण त्याच्यापेक्षा भारी दाखवतो." आणि त्यांनी एक काळा, जाडजूड कॅमेरा बाहेर काढला. "हा आपोआप डोळा ओळखतो. माणसाचा, पाखराचा, जनावराचा. तुम्ही फक्त बटन दाबायचं."

"म्हशीचा डोळा वळखतो?"

"ओळखतो की."

"काळ्या म्हशीचा? अंधाऱ्या गोठ्यात?"

मालकांनी कॅमेरा उलटा करून बघितला. "ते काही करून बघितलं नाही."

"बरं, मानूस कोन हाय, कुठं बघतंय, कवा हसतंय, हे सगळं त्यालाच कळतंय?"

"सगळं कळतं, आप्पा."

"मंग मी कशाला जाऊ बरुबर? त्यालाच लग्नाला धाडतो की!"

मालकांनी चहा मागवला. नंतर पुन्हा एकदा मागवला. आप्पांनी दुकानातल्या झाडून सगळ्या कॅमेऱ्यांचे आवाज कान लावून ऐकले आणि प्रत्येकाला नापास केलं. शेवटी मालकांनी हात जोडले. "आप्पा, तुम्हाला नेमकं घ्यायचं काय आहे?"

"आज काय बी न्हाय," आप्पा प्रसन्नपणे म्हणाले. "अजून काट्यावर हाय." मग खोकं गळ्यात घातलं, दारातून मालकांचा एक फोटो काढला, टिक, आणि आम्ही एसटी धरली.

पण हे सगळं म्हणजे नुसती तालीम. खरा फड रंगायचा तो रविवारी सकाळी. रविवारी महेशचा फोन यायचा. आप्पांना मोबाइल कानाला लावलेला चालत नाही, मेंदू तापतो म्हणतात. त्यामुळं फोन पोत्यावर ठेवलेला, स्पीकर चालू, आणि अर्धा बाजार श्रोता.

"आप्पा, उगाच हट्ट करू नका. तेवढ्या पैशात आपोआप फोकसवाले दोन येतात."

"आपोआप झालं तर त्यात म्या कुठं हाय?"

"आणि लहान पोरं हलतात, त्याचं काय? चकती फिरवेपर्यंत पोर पळून जाईल."

"पळू दे की. परत येतंय. पोरगं कुठं जातंय?"

"अंधारात काय करणार?"

इथं आप्पा सावरून बसायचे. कॅमेऱ्याला अंधारात किती दिसतं, हा त्यांचा आवडता विषय. "अंधार म्हंजे किती ते सांग. आता तुझ्या खोलीत उजेड किती येतोय? खिडकी कुठल्या अंगाला?"

"पश्चिमेला. पण समोर इमारत आहे."

"म्हंजे ऊन न्हाय. हं. आन् तू घरी येतोस तवा?"

"तेव्हा अंधारच असतो, आप्पा."

"मंग जेवतोस कवा?"

"येताना खाऊन येतो."

"रोज? भाइरचं?"

"आप्पा, कॅमेऱ्याचं बोलताय ना?"

"कॅमेऱ्याचंच बोलतोय की! उजेड किती लागंल त्याचा हिसाब नको व्हय?"

असं तासतासभर चालायचं. मग महेश विचारायचा, दुकानात ऊन कुठवर येतं, आईच्या फोटोच्या भिंतीवर येतं का अजून, गोडाऊनचा पत्रा बदलला का. आप्पा सांगायचे. मध्येच दोघं कडाडून भांडायचे. महेश म्हणायचा, "तुम्हाला काही कळत नाही." आप्पा म्हणायचे, "नोडप्पा, तू कालचं पोरगं हायस!" रागात आले की त्यांचं कानडी बाहेर यायचं; नोडप्पा म्हणजे बघ बाबा. फोन ठेवल्यावर मात्र आप्पा गिऱ्हाइकाला मूठभर सरकी जास्त घालायचे. नाना तर मुद्दाम रविवारी पेंड न्यायला यायचे.

पाऊस संपला, सोयाबीन निघालं, शाळू पेरून झाला, आणि एका दुपारी कुरिअरची गाडी पेंडीच्या दुकानापुढं थांबली. पाठवणाऱ्याचं नाव महेश. पुडकं लहानच, पण सहीसाठी सोपस्कार एवढे की मला तेव्हाच कळलं. आप्पांनाही कळलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आप्पा, मिळालं का? मला बोनस आला होता. म्हटलं तुमच्यानं काही ठरणार नाही, मीच घेऊन टाकला. तुमचा रेंजवाला!"

बाजारातली माणसं गोळा झाली होती. नानांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा पुडक्याकडं बघत होते.

"एवढा खर्च कशाला केलास?"

"राहू द्या हो. खूश ना?"

"व्हय. खूश हाय."

"बरं मग. मीटिंग आहे, ठेवतो."

"ठेव."

मला वाटलं आप्पा पुडकं आत्ता फोडतील. त्यांनी ते गल्ल्यामागच्या फळीवर, महादेवाच्या तसबिरीजवळ ठेवून दिलं. "मुहूर्त बघू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुहूर्त नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. माणसं येऊन विचारायची आणि पेंड घेऊन जायची. तागडीतली सरकी आप्पांनी पोत्यात ओतून टाकली.

रविवार आला. नाना वेळेवर येऊन बसले. फोनही वेळेवर आला.

"आप्पा, कसा आहे कॅमेरा?"

"चांगला हाय."

"बघितला का नीट?"

"बघतो की आता सवडीनं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"जेवतो आता."

"बरं."

"बरं. ठेवू का?"

"ठेव."

नाना माझ्याकडं बघायला लागले. मग काही न बोलता पेंडीचं पोतं उचलून गाडीवर टाकलं आणि निघून गेले. मी भिंतीपलीकडं गेलो. आप्पा गल्ल्यावर बसून चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

"आप्पा, मनातला नाही आला का कॅमेरा? दुसरा पाहिजे होता?"

"न्हाय, न्हाय. ह्योच पायजे होता. नाहक पोराला बोल लावू नका."

"मग उघडत का नाही?"

त्यांनी चष्मा डोळ्याला लावला. मग म्हणाले, "डाक्टर, म्या सगळी जिंदगी दुकानात काढली. गिऱ्हाईक येतंय, भाव करतंय. ठरस्तवर बसतंय, चहा पेतंय, घरचं-दारचं बोलतंय. पोरीचं लग्न, बैलाचं दुखनं, सगळं सांगतंय. आन् सौदा ठरला की उठून जातंय. त्याची चूक न्हाय. काम झाल्यावर कोन बसंल?"

पलीकडं माझ्या काउंटरवर कुणीतरी नाणं वाजवलं. आप्पाच म्हणाले, "जावा, तुमचं गिऱ्हाईक आलंय."

त्यानंतरचा रविवारही तसाच गेला. जेवलास का, जेवलो. बरं, ठेव. आप्पा आता पोत्यावर बसून रस्त्याकडं बघत. कुणी कॅमेऱ्याचं विचारलं तर "हाय की," एवढंच म्हणत.

शेवटी दत्तूनानांनीच जुलूम केला. पुढच्या रविवारी ते नवा सदरा घालून आले, बरोबर पेढे आणि चार माणसं. "आप्पा, आज उघडायचंच. माझा फोटो बाकी हाय तुमच्याकडं." आप्पा नको नको म्हणत असताना नानांनी फळीवरचं पुडकं काढून पुढ्यात ठेवलं. आप्पांनी सुस्कारा सोडला, हात धुतले, महादेवाला उदबत्ती लावली आणि खिशातला चाकू काढून चिकटपट्टी कापली.

खोक्यात खोकं, त्यात आणखी खोकं. मग मऊ कापड. आणि कापडातून काळा, गुळगुळीत, जड असा कॅमेरा बाहेर आला. सगळ्यांच्या तोंडून 'आहा' निघालं. आप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला. कितीही झालं तरी मालाची पारख असलेला माणूस. त्यांचा अंगठा मागच्या कडेवरून आपोआप फिरला. मग त्यांनी तो उलटा केला, आणि थांबले.

कॅमेऱ्याच्या तोंडावर नुसतं प्लास्टिकचं झाकण होतं. झाकण काढलं तर आत भोक.

"डोळाच न्हाय ह्याला!" नाना ओरडले. "आप्पा, फसवलं की हो तुमाला! आंधळा माल गळ्यात मारला!"

आप्पांनी खोक्यातली कापडं, कागद, पिशव्या सगळं उलटं-पालटं केलं. लेन्स कुठंच नव्हती. ह्या कॅमेऱ्याची लेन्स वेगळी घ्यावी लागते हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण पोरानं पाठवलाय म्हटल्यावर लेन्ससकटच असणार, असं ते धरून चालले होते. एवढ्यात फोन वाजला. नानांनीच घाईघाईनं बटण दाबलं.

"महेशराव, लबाडी झाली बघा! डोळा आलेला न्हाय!"

"नाना, थांबा," महेशचा आवाज आला. "आप्पा आहेत का?"

"हाय की रं. लेन्स न्हाय ह्यात."

"माहीत आहे. मी पाठवलीच नाही."

"का रं?"



"ती तुम्ही ठरवा की, आप्पा. एकदम सगळं कशाला ठरवून टाकायचं?"

नाना काही बोलायला तोंड उघडत होते, मी त्यांच्या दंडाला धरलं. आप्पा कॅमेरा मांडीवर घेऊन फोनकडं बघत होते.

"बघा म्हणजे," महेश पुढं म्हणाला, जरा अडखळत, "पस्तीस मिलिमीटरची लेन्स घ्यावी की पन्नासची, ह्याच्यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात. दोन्हीचे गुण आहेत. मला आपली पस्तीसची बरी वाटते. पण मी दोन रविवार हाच विचार करतोय की तुम्ही काय म्हणाल."

"पस्तीस?" आप्पा म्हणाले.

"हो. सगळं येतं तिच्यात. खोली, भिंत, दार..."

"आरं, सगळं येतंय म्हनूनच तर घोळ हाय!" आप्पांचा आवाज चढला. "आख्खी खोली येती आन् मानूस ऱ्हातंय कोपऱ्यात एवढंसं! मानूस बघायचंय का भिंत?"

"आप्पा, पण पन्नासची लावली तर तुम्हाला मागं किती सरकावं लागेल? माझ्या खोलीत तेवढी जागाच नाही."

"तुझी खोली केवढी हाय? लांबी सांग."

"लांबी कशी सांगू? मोजली नाही कधी."

"मंग मोज की! मोजल्याबिगर कसं कळंल? न्हायतर असं करतो, म्याच येतो तिकडं मोजायला."

"या की," महेश म्हणाला. "कधी येताय?"

आप्पांनी मान वर करून आमच्याकडं बघितलं. पेढे हातात धरून आम्ही सहाजण तसेच उभे होतो.

"थांब रं जरा," ते फोनला म्हणाले, आणि पायानं पोतं ओढून घेतलं. "आधी नीट बसून घेतो."